चिंचोक्यांचं माप

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर बांबूच्या पेराचं एक माप आहे, ते ती दर आठवड्याला पुसून ठेवते. घरी येणारा प्रत्येक जण ते हातात घेऊन बघतो आणि विचारतो, हे कुठलं? मी सांगतो — साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातलं, एका बाईने प्रेमाने दिलेलं. यात खोटं काहीच नाही. पण मी इथेच थांबतो. इतकी वर्षं इथेच थांबत आलो.

आज पुढचं सांगायला बसलोय. पण सरळ तिथे जाता येत नाही मला. आधी वडिलांचं सांगू द्या.

माझे वडील धरणगावच्या बाजारात मापाडी होते. अडत्याच्या ओट्यावर धान्याची रास पडली की ते पायलीने मोजून द्यायचे. मापाडी पहिलं माप भरतो तेव्हा ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. आकडा चुकू नये म्हणून माप भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा — दोन दोन दोन, तीन तीन तीन. लहानपणी मला ते गाणंच वाटायचं. मापावर धान्याचं टोक चढू द्यायचं, म्हणजे शीग लावायची, की तळहाताने सपाट करायचं, हे घेणाऱ्या-देणाऱ्याने आधी ठरवायचं. एकदा ठरलं की शेवटच्या मापापर्यंत तेच. वडिलांचा तळहात कुणाच्याच बाजूने झुकला नाही. गाव त्यांना बोलवायचं ते एवढ्यासाठीच. पुढे किलो आले, काटे आले, पायल्या भंगारात गेल्या. वडील काट्यावर उभे राहायला शिकले, पण पहिल्या पोत्याला ‘लाभ’च म्हणायचे.

त्या तळहातावर मी शिकलो. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी माझा फॉर्म स्वतः जळगावला नेऊन दिला. वडिलांच्या जोडीदार हमालांनी मला हॉस्टेलसाठी पत्र्याची पेटी घेऊन दिली, तिच्यावर माझं नाव रंगवून. धुळ्याला शेतीची पदवी घेतली, मग शेतीच्या अर्थशास्त्रात पुढचं शिक्षण. माझ्यावर कुणाकुणाचे उपकार आहेत याची यादी करायला बसलो तर हा कागद पुरणार नाही. आणि त्या यादीत एक नाव असं आहे की ते नुसतं लिहितानाही हात अडतो. बुधीबाई.

ऐंशी सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. एका सर्वेक्षणात मला पहिली नोकरी लागली. कचेरी धुळ्याला, काम साक्री तालुक्यातल्या एका गावात. तिथे राहायचं आणि निवडलेल्या दहा शेतकऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जायचं. कोणत्या वावरात कोणी किती तास काम केलं — पुरुष किती, बाई किती, बैलजोडी किती — हे तक्त्यात भरायचं. ही दहा नावं चिठ्ठ्या टाकून निघालेली होती. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “चिठ्ठीत आलेलं नाव बदलायचं नाही. कोणी माहिती द्यायला ठाम नकार दिला तरच तसं लिहायचं आणि यादीतलं पुढचं नाव घ्यायचं. आपल्या सोयीने एक नाव बदललं तरी सगळं सर्वेक्षण खोटं.” साहेब तसेच होते. मला स्वतःची पुस्तकं द्यायचे, माझं इंग्रजी घरी बसवून दुरुस्त करायचे. त्यांच्या त्या वाक्यात मला माझे वडील बोलताना ऐकू आले होते — हे मी मुद्दाम सांगतो. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

गावात झुलालनानांनी मला खोली दिली. नऊ शेतकरी तिथलेच, सडकेला लागून. दहावं नाव बुधीबाईचं. ती डोंगराकडच्या पाड्यावर राहायची — मध्ये एक नाला, मग चढण, दीड तासाची पायवाट. नवरा वारलेला, दोन लहान मुलं, अडीच एकर नागली-भगरीची जमीन. मी तिच्यासाठी बाजाराचा दिवस ठेवला होता, कारण त्या दिवशी बाकीचे शेतकरी साक्रीला जात, घरी सापडत नसत. हिशेब बरोबर होता. मोडला तो मीच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ती वावरातून आली, हात लुगड्याला पुसले. “बठ भाऊ. पानी पी.” मी तक्ता उघडला. ती आधी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मन्हं नाव शे त्यामा?”

“शे, अक्का.”

“तलाठी येस तव्हय मन्हा देरले इचारस. तू माले इचारी ऱ्हायना.”

तिचा दीर सगळ्यांना सांगायचा की जमीन तोच कसतो. नांगर तेवढा तो धरायचा. बाकी सगळं काम तिचं. मी तिला समजावलं की माझा कागद तलाठ्याचा नाही, यावर जमिनीचं काही ठरत नाही. तिला ते नीट कळलं होतं. ती म्हणाली, ठरू दे नाही तर नको, पण कुठंतरी लिहिलेलं असू दे ना. मग तिने एकेक काम असं सांगितलं की मला लिहायला पेन पुरेना. रोपांच्या जागेवर पालापाचोळा पेटवून राब भाजला, बांध घातला, आडवं पाणी वळवलं, रानडुकराला राखण बसली. निघताना तिने नागलीची भाकर आणि ठेचा बांधून दिला. मी तिला सांगितलं की माझा बाप मापाडी आहे. का सांगितलं? माणूस जिथे बरं वाटतं तिथेच घरचं काढतो ना?

दुसऱ्या आठवड्यातही गेलो. तिसऱ्या आठवड्यात गेलो नाही.

पाऊस होता, हे खरं आहे. नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. पण पाड्यावरच्या बाया त्याच नाल्यातून मोळ्या घेऊन येत-जात होत्या. खरं कारण दुसरं होतं, आणि ते सांगताना मला जास्त लाज वाटते. मला जुनी मापं जमवायचा नाद होता. शेर, मापटं, चिपटं, कोळवं — किलो आल्यावर लोकांनी घराघरांतून काढून टाकलेली. साक्रीच्या बाजारात एक भंगारवाला होता, त्याच्याकडे ती मिळायची. पितळी बांधाचं एखादं चिपटं हाताला लागलं की मला वडिलांच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटे. नाना हसायचे. “काय भाऊ, लोके बजारमाईन भाजी लई येतस, तू डबडा लई येस.”

बाजाराचा दिवस बुधीबाईचा होता. मी बाजारात होतो. मापाड्याचा पोरगा, ज्याला मोजायचं काम दिलेलं, तो मोजायचं सोडून मापं गोळा करत होता. कुणी कथेत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जुळवलेलंच वाटतं. पण झालं असंच.

एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. मग धुळ्याहून कार्ड आलं, साहेब तपासणीला येताहेत. नऊ शेतकऱ्यांचे तक्ते मोत्यासारखे भरलेले. दहाव्याचे दोन, आणि पुढे कोरे. मनाने आकडे भरावेत असं एकदा मनात आलं. ते मी केलं नाही — आणि गंमत बघा, त्याचा मला अभिमान वाटला. खोटे आकडे लिहिणारा मी नाही! मी काय केलं? तिचे दोन भरलेले तक्ते गठ्ठ्यातून काढून घेतले आणि तिच्या नावापुढे लिहिलं: ‘माहिती देण्यास नकार.’ आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं. ते नानांच्या चुलतभावाचं होतं. त्याचं वावर सडकेवर, पंपाच्या शेजारी.

साहेब आले. तक्ते बघून त्यांनी माझी पाठ थोपटली. दहाव्या नावाशी थांबले. “नकार का दिला बाईंनी?”

मी म्हणालो, “भाषेची अडचण आली, सर.”

भाषेची. ती माझ्याशी ज्या भाषेत बोलली ती माझ्या आईची भाषा. घरी आई माझ्याशी शेवटपर्यंत त्याच बोलीत बोलली. साहेब नागपूरकडचे, त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी एकदाही शंका घेतली नाही. विश्वास टाकणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला किती कमी कष्ट लागतात, नाही?

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. आळस झाला, एक खोटा शब्द लिहिला, तरुण होतो — असं म्हणून मिटवलं असतं. पण अजून आहे.

नागली-भगर निघाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, एका सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी. पाड्यावरून चालत आली होती. हातात हे बांबूचं माप, तोंडाला फडकं बांधलेलं. मला वाटलं नागली आणली. तिने फडकं सोडलं. आत चिंचोके होते.

“तू उना नही,” ती म्हणाली. रागाने नाही. “मी म्हंतं, पानी-पाऊसना कसा येशी. म्हनीसन टाकत गऊ. सकायना एक, दुपारना एक.”

मी गेलो नाही त्या दिवसापासून ती तक्ता भरत होती. सकाळभर वावरात काम केलं की मापात एक चिंचोका. दुपारभर केलं की दुसरा. आजारी पडली त्या दिवशी टाकला नाही, हेही तिने सांगितलं. मुलाला ताप होता तेव्हा अर्धीच दुपार झाली, तर तो टाकावा की नाही याचा तिने विचार केला, आणि नाही टाकला. शिकलेल्या किती कर्मचाऱ्यांनी इतका चोख तक्ता भरला असता? मी भरला नव्हता.

त्या वेळी मी सांगू शकत होतो. नाना ओट्यावरच होते, ती समोर होती. एक वाक्य होतं — अक्का, मी तुझं नाव काढून टाकलं. मी काय केलं? पेन घेतलं. एक रद्द झालेला तक्ता पेटीतून काढला, पाठीमागची कोरी बाजू वर केली, आणि म्हणालो, “मोज, अक्का.”

ती जमिनीवर बसली. एकेक चिंचोका उचलून बाजूला ठेवू लागली. पहिला उचलला आणि माझ्याकडे बघून हसली, कारण मी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. म्हणाली, “लाभ.” मग दोन, तीन. विसाच्या पुढचं तिला येत नव्हतं, म्हणून पुढचे आकडे मी म्हणत गेलो, ती माझ्या मागे. बराच वेळ लागला. शेवटचा ठेवल्यावर मी आकडा कागदावर लिहिला. तिला दिसावा म्हणून मोठा लिहिला. खाली रेघ मारली.

“लिखी लिधं?”

“लिखी लिधं, अक्का.”

माप परत द्यायला लागलो तर तिने हात मागे घेतले. “माप तूच ठेव. तुना बाप मापाडी शे ना.” आणि गेली. उन्हं डोक्यावर यायच्या आत तिला चढण चढायची होती.

कागद मी चुलीत टाकला नाही, फाडलाही नाही. नुसता राहू दिला; आणि खोली बदलताना कुठे गेला ते मला माहीत नाही. चिंचोके नानांच्या बायकोने, नानींनी, उचलले. “हाई काय फेकानी वस्तू शे?” म्हणत त्यांनी ते भाजले, सोलले, मीठ लावून वाटीत आणून ठेवले. मीही खाल्ले.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण खोटं तिथेच राहिलं नाही. साहेबांनी वार्षिक अहवालात एक ओळ घातली — डोंगरपट्ट्यातील स्त्री-शेतकरी माहिती देण्यास नाखूश असतात. दोन-तीन वर्षांनी मी प्रबंध लिहिला तेव्हा तीच ओळ घेतली आणि खाली अहवालाचा आधार दिला. कळतंय ना तुम्हाला? माझंच खोटं साहेबांच्या तोंडून वदवून मी ते पुरावा म्हणून वापरलं. त्या प्रबंधावर मला जळगावला शिकवायची नोकरी मिळाली, घर झालं, आईवडील शेवटपर्यंत माझ्याजवळ सुखाने राहिले. आणि नव्या मुलांना कामाला पाठवताना सांगितलं जाऊ लागलं, पाड्यावर बाईचं नाव आलं तर फार वेळ घालवू नका, पुढचं नाव घ्या. आणखी किती बुधीबाया अशा गळल्या, ते मोजायला माझ्याकडे माप नाही.

दोन हजार साल उजाडायच्या सुमारास अशाच एका सर्वेक्षणात वंदना नावाची मुलगी कामाला आली. नरडाण्याची, बौद्ध कुटुंबातली, घरात पहिली पदवीधर. तिच्यात मला माझी पत्र्याची पेटी दिसायची. एके दिवशी तिने माझा प्रबंध समोर ठेवला. “सर, पाड्यावरच्या बायका बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. माझ्याशी तर त्या बोलायच्या थांबत नाहीत. माझी विचारायची पद्धत चुकतेय का?”

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. मी म्हणालो, “चल, एकदा बरोबर जाऊ.” का म्हणालो? आता सांगून टाकीन, असं वाटलं असावं.

नाल्यावर फरशी-पूल झाला होता. बुधीबाई अंगणात भगर पाखडत होती. केस पिकलेले, हात तसेच. तिने मला दुरूनच ओळखलं. सुनेला हाक मारली, घोंगडी टाकायला सांगितली. मग वंदनाला म्हणाली, “हाऊ भाऊनी मन्हं काम लिखेल शे. धुयाले कागद शे.” सून हसली, तिने हे पुष्कळदा ऐकलं असावं. दीर जेव्हा जेव्हा म्हणाला की जमीन मी कसली, तेव्हा तेव्हा बुधीबाई चार लोकांत म्हणायची — जा, धुयाले देखी ये, लिखेल शे. दीर कधी धुळ्याला बघायला गेला नाही. हळूहळू बोलायचाही थांबला. जमीन तिच्याकडेच राहिली होती. तिचा लेक आता ती कसत होता, आणि ती त्याच्या चुका काढत होती.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. भाकर दिली, ठेचा दिला. मी खाल्ला.

परत उतरताना वंदना म्हणाली, “सर, तुम्ही यांचं काम लिहिलं होतं, हे कधी बोलला नाहीत.” तिच्या आवाजात आदर होता. मी म्हणालो, “जुनी गोष्ट आहे.”

एवढंच बोललो मी. त्यानंतर प्रबंधातली ती ओळ कधी वापरली नाही, पण चूक आहे असं कुठे छापूनही दिलं नाही. बुधीबाई गेल्याचं वंदनानेच पत्राने कळवलं.

मी कृतज्ञ माणूस आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला जे मिळालं ते इतरांच्या हातांनी मिळालं, हे मी रोज आठवतो. त्या हातांत तिचे हात आहेत. बाकीच्यांचे उपकार मी घेतले. तिचं नाव खोडून जे मिळवलं, ते मात्र मी तिला विचारून घेतलं नाही.

तक्त्यांचे आकडे माझ्या डोक्यात राहतात. त्या नऊ शेतकऱ्यांपैकी कुणाच्या बैलजोडीने किती दिवस काम केलं, तेही मी आज सांगू शकेन. तिचा आकडा आठवत नाही. ‘लाभ’ आठवतो. शेवटचा आठवत नाही.

एकदा, घरी कुणी नसताना, मी बाजारातून चिंचोके आणले आणि या मापात भरले. मोजले की निदान अंदाज येईल, असं वाटलं होतं. भरता भरता थांबलो. तिने आणलं तेव्हा माप काठापर्यंत होतं, की वर शीग होती? फडकं सोडलं तो क्षण मी डोळ्यांपुढे आणून बघितला. मला तिचा चेहरा दिसला, हात दिसले. मापाकडे मी बघितलंच नव्हतं.

चिंचोके परत पिशवीत ओतले. माप पुसून जागेवर ठेवलं.

धुळ्याच्या त्या जुन्या कागदांत, दहाव्या नावापुढे, माझ्या अक्षरात ‘नकार’ असं लिहिलेलं आहे. बुधीबाईने नकार दिला नव्हता.